बाक थंड पडू न देणारे गृहस्थ

आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत सातव्या पानावर 'कीर्तनाने चर्च वाचवणारा मराठी माणूस' या मथळ्याखाली जो लेख छापून आला आहे, त्यात माणूस मराठी होता एवढे सोडले तर एकही विधान खरे नाही. चर्च वाचलेले नाही. कीर्तनाचा आणि समितीच्या निर्णयाचा काडीइतकाही संबंध नाही. चर्चमध्ये त्या दिवशी दोनशे माणसे नव्हती, त्रेचाळीस होती. लेख मंडळाच्या विद्यमान अध्यक्षांनी लिहिला आहे, आणि ज्या रविवारचे वर्णन त्यांनी डोळ्यांत पाणी आणून केले आहे, त्या रविवारी ते पुण्यात मेहुणीच्या लग्नात जिलेबी वाढत होते. मी दुसऱ्या बाकावर होतो. याच लेखात माझ्याविषयीही एक फार गोड वाक्य आहे. तेही खोटे आहे. त्याच्याकडे मी शेवटी येईन, कारण ते खोडून काढणे मला सर्वांत जड जाणार आहे.

ज्यांच्याविषयी हा सगळा घोळ झाला, त्यांना आम्ही बुवा म्हणत असू. जर्मनीत एर्लांगेनमधल्या एका मोठ्या विजेच्या कंपनीत आम्ही दोघे सव्वीस वर्षे समोरासमोरच्या टेबलांवर बसलो आणि सव्वीस वर्षांत एकमेकांना एकदाही 'अरे' म्हणालो नाही. ते नगर जिल्ह्यातले. घराणे चार पिढ्यांचे ख्रिस्ती. पणजोबा गावोगाव हिंडून येशूची कीर्तने करणारे. पणजोबांची पायपेटी मोडीत निघाली, पण हातपेटी पणतवाबरोबर विमानात बसून जर्मनीला आली. मी स्वतः देवधर्म मानत नाही. स्मरणिकेत मला 'धर्मपरायण' म्हटले आहे. ही छपाईची चूक समजून मी सोडून देतो.

बुवांना आयुष्यभर दोन प्रश्नांनी छळले. पहिला जर्मन माणसांचा. ओळख झाली, नाव कळले, गळ्यातला लहानसा क्रूस दिसला, की समोरचा सहानुभूतीने विचारी, "तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?"

बुवा तितक्याच सहानुभूतीने सांगत, "माझे पणजोबा झाले. तुम्ही कधी सोडलात?"

यावर दहांतले सात जण वर्ष सांगत. उरलेले तीन आधी दचकत आणि मग वर्ष सांगत.

दुसरा प्रश्न आपल्या लोकांचा. पुण्याहून नव्याने आलेले एक सॉफ्टवेअरवाले दांपत्य मंडळाच्या गणपतीत बुवांना पेटी वाजवताना ऐकून चकित झाले. बाई म्हणाल्या, "अय्या, तुम्ही ख्रिश्चन? मग इतकं शुद्ध मराठी कसं बोलता?"

"तोंडानं," बुवा म्हणाले आणि मोदक उचलला.

आता त्या मोदकाबद्दलही दोन आवृत्त्या प्रचलित आहेत. एक म्हणते, बुवा आरतीला उभे राहत. दुसरी म्हणते, ते आरतीच्या वेळी रुसून बाहेर जात. दोन्ही साफ चूक. ते आरतीपर्यंतची सगळी गाणी वाजवत, आरती सुरू झाली की पेटीचा भाता मिटत आणि स्वयंपाकघरात जाऊन नारळ फोडत. "प्रत्येकानं आपापल्या देवाच्या वेळी आपापलं काम करावं," असे ते म्हणत. नारळ मात्र असा फोडत की दोन भकले सारखी. इंजिनियर होते.

निवृत्तीनंतर ते शहराच्या कडेच्या एका छोट्या प्रोटेस्टंट चर्चचे मेसनर झाले. मेसनर म्हणजे किल्ली सांभाळणारा, दिवे लावणारा, घंटेचे बटण दाबणारा, गीतांचे आकडे फळ्यावर लावणारा आणि उपासनेच्या शेवटी सूचना वाचणारा मनुष्य. त्या चर्चमध्ये अठ्ठावीस बाक होते आणि सात सभासद येत. पाच म्हाताऱ्या, एक ठार बहिरे निवृत्त बेकर आणि सातवे बुवा. पाळकबाई आणि वर ऑर्गन वाजवणारी विद्यार्थिनी या दोघी बुवांच्या मते 'ड्यूटीवर' असल्यामुळे मोजणीत येत नसत. मोजणी ते दर रविवारी एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत मराठीत लिहून ठेवत. सात. सात. सहा (बेकर आजारी). सात.

आणि इथेच त्यांच्या सुप्रसिद्ध वेडाला सुरुवात होते. बुवा एका जागी बसत नसत. पहिले गीत झाले की उठून दुसऱ्या बाकावर, वाचन झाले की तिसऱ्या, प्रार्थना झाली की चौथ्या. एका उपासनेत सात बाक, चार रविवारांत अठ्ठावीस, की पुन्हा पहिल्यापासून. नव्या पाळकबाई पहिल्या दिवशी प्रवचनाच्या मध्येच थांबल्या. त्यांना वाटले, या गृहस्थांना काही ऐकू येत नाही म्हणून ते जागा शोधताहेत. ऐकू न येणारे बेकर, ते आपले शांत बसले होते.

"अहो, हे काय चाललेलं असतं?" मी एकदा विचारले.

"बाक थंड पडता कामा नये," बुवा म्हणाले. "कोणी परत आला आणि थंड बाकावर बसला तर काय म्हणेल?"

"कोण परत येणार आहे?"

"ते त्याचं त्याला ठाऊक. माझं काम बाकाचं."

यात थट्टा नव्हती. जर्मनीत चर्च सोडायचे तर नगरपालिकेच्या स्टान्डेसाम्टमध्ये, म्हणजे जिथे जन्म-मृत्यू नोंदवतात त्याच कार्यालयात, वेळ घेऊन जावे लागते आणि सही करावी लागते. ओळखीच्या कोणी अशी सही केल्याचे कळले, की बुवा त्याला टपालाने कार्ड पाठवत: 'आपण गेल्याचे कळले. बाक क्रमांक नऊ, खिडकीकडची जागा, आपल्यासाठी ठेवली आहे. सवड मिळेल तेव्हा यावे.' आमच्या विभागाचे जुने प्रमुख असे कार्ड घेऊन रागारागाने माझ्याकडे आले. मी म्हटले, रागावता कशाला? त्यांनी खूप वेळ कार्ड उलटसुलट केले आणि मग खालच्या आवाजात विचारले, "खिडकीकडची म्हणजे डावीकडची का?"

कंपनीत असतानाही त्यांचा स्वभाव हाच. मे महिन्यात ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सरकारी सुट्टी गुरुवारी येते. आदल्या दिवशी बुवा मजलाभर फिरून विचारत, "उद्याची सुट्टी कशाची?" तरणीबांड पोरे म्हणत, "पुरुषांचा दिवस! हातगाडीत बिअर भरून जंगलात जायचं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बुवा मान डोलावत. "तो वर गेला आणि तुम्ही जंगलात गेलात. ज्याला सुट्टीचं कारण सांगता येत नाही त्यानं उद्या कामावर यावं." आणि खरोखरच एक कागद भिंतीवर लावत: 'उद्या कामावर येणाऱ्यांची नावे'. एका वर्षी त्यावर एक नाव पडले. आमच्या मजल्यावरच्या एका तुर्की सहकाऱ्याचे. बुवांना इतका आनंद झाला की गुरुवारी उपासना आटोपून ते त्याच्यासाठी डबा घेऊन कंपनीच्या फाटकावर गेले.

पेटीची कथा सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. दर रविवारी बुवा सायकलला लहान मुलांची गाडी जोडत, पेटी तीत बसवत आणि तिला पट्टा लावत. पावसाळी दिवस असेल तर वर प्लास्टिकचे झाकण. एकदा चौकात एका पोलीसबाईंनी थांबवले आणि झाकणाखाली वाकून विचारले, "बाळ किती महिन्यांचं?"

"एकशे दहा वर्षांचं," बुवा म्हणाले. "आता झोपलंय."

बाळ झोपलेलेच होते. बारा वर्षे ते दर रविवारी चर्चमध्ये नेले जात होते आणि न वाजता परत येत होते. आपल्या चर्चमध्ये एकदा तरी पणजोबांसारखे कीर्तन करावे, ही बुवांची एकच इच्छा. चर्चच्या सभेत त्यांनी चार वेळा अर्ज दिला. प्रत्येक वेळी सभ्य उत्तर आले की उपासनेच्या क्रमात त्यासाठी जागा सापडत नाही. "अठ्ठावीस बाकांत एकवीस रिकामे," बुवा म्हणत, "आणि जागा सापडत नाही!" पण पेटी नेणे त्यांनी सोडले नाही.

चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये कळले, की कोणती चर्च ठेवायची आणि कोणती सोडायची हे ठरवण्यासाठी एक समिती फिरते आहे आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती बुवांकडे येणार आहे. बाजूच्या गावातले असेच एक चर्च सुटले होते. तिथे आता दोऱ्या बांधून भिंतीवर चढण्याचा व्यायाम चालतो. बुवांनी बातमी सांगितली आणि त्यावर विनोद केला नाही. सव्वीस अधिक बारा वर्षांत हे प्रथमच घडत होते. ते माझ्या घरी चहाला आले, कपात बघत बसले आणि म्हणाले, "दोऱ्या बांधायला आमचं छत चांगलं आहे. उंच आहे."

आता नीट वाचावे, कारण स्मरणिकेतला सर्वांत मोठा खोटारडेपणा इथे आहे. स्मरणिका म्हणते, 'बुवांनी मंडळाला हाक दिली'. बुवांनी कोणालाही हाक दिली नाही. हाक मी दिली. मी तेव्हा मंडळाचा सचिव होतो आणि माझा संदेश अजून माझ्या फोनमध्ये आहे: 'रविवारी सकाळी दहाला सर्वांनी चर्चमध्ये जमावे. कार्यक्रम: बसणे. नंतर पोहे.' बुवा त्या गटात नव्हते, आणि त्यांना कळू द्यायचे नाही असे मी खाली लिहिले होते.

उपासना दहाला सुरू झाली. समितीचे तीन जण, दोन पुरुष आणि फाईल घेतलेल्या एक बाई, शेवटच्या बाकावर बसले; बुवांच्या हिशेबी तेही 'ड्यूटीवर'. मी वेळेवर पोहोचून दुसऱ्या बाकावर बसलो होतो. बुवांनी माझ्याकडे पाहिले, त्यांना वाटले मी धीर द्यायला आलो आहे. त्यांनी मान लववली. आपली माणसे, अर्थात, सव्वादहाला येऊ लागली.

दारात पहिली माझी पत्नी होती. अध्यक्षांची पत्नी नव्हे, मंडळात काहीजण तसे सांगत असले तरी. त्या पुण्यात बहिणीच्या लग्नात होत्या. माझ्या पत्नीने आत क्रूस पाहिला, वेदीवरच्या मेणबत्त्या पाहिल्या आणि देवापुढे जाताना जे आयुष्यभर केले तेच केले. बूट काढले, टाचा भिंतीला लावून ठेवले आणि मोज्यांनिशी आत आली. तिच्या मागच्यांनी तिचे पाहून काढले. त्यांच्या मागच्यांनी त्यांचे. कोणी सांगितले नाही, कोणी विचारले नाही. नोव्हेंबरातल्या दगडी फरशीवरून पस्तीस मराठी माणसे पावलांचा आवाज न करता आत आली. कोणाच्या मोज्यांवर सांताक्लॉज, कोणाचा अंगठा बाहेर.

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी मागे वळून पाहिले. एकीने दुसरीच्या कानात काही सांगितले. वरून नवा नियम आला असावा असे त्यांना वाटले, आणि नियम पाळण्यात मागे राहणारी ती पिढी नव्हे. पाचही जणी वाकून नाड्या सोडू लागल्या. बेकरांनी कारण न विचारताच सोडल्या. समितीच्या बाईंनी हे पाहिले, फाईल खाली ठेवली आणि बुटांच्या चेनी ओढल्या; मग दोघा पुरुषांनी एकमेकांकडे पाहून काढले. प्रवचन चालू होते प्रतीक्षेवर. पाळकबाईंच्या समोर एकेक करून सारे चर्च उंचीने दोन बोटे कमी होत होते.

या सगळ्यात बुवा कुठे होते? अकराव्या बाकावर, डोळे मिटून. प्रवचन संपले, ते नियमाप्रमाणे बाराव्यावर जायला उठले आणि बारावा भरलेला. तेरावा भरलेला. हातात गीतांचे पुस्तक घेऊन बुवा मधल्या वाटेत उभे. आयुष्यात प्रथमच त्यांना स्वतःच्या चर्चमध्ये बसायला जागा मिळेना. दोन्ही बाजूंनी मराठी कुजबुज: "या बुवा, सरकतो आम्ही." "अहो काका, इकडे या, इकडे ऊन आहे." माझ्या पत्नीला हसू आवरेना, तिने तोंडात पदर घातला आणि तिच्याबरोबर सबंध बाक हलू लागला.

मग सूचनांची वेळ झाली. बुवा पुढे गेले, कागद बाजूला ठेवला आणि सर्वांसमक्ष मला मराठीत विचारले, "हा उद्योग तुमचा ना?"

"हो."

"मी मागितली होती गर्दी?"

"नाही. पण अहो, तुमचं चर्च जातंय."

"जाऊ दे. खोट्या हजेरीवर राहायला नको."

आणि ते जर्मनमध्ये समितीकडे वळले. "आल्झो, तर या चर्चचे सभासद सात. बाकीचे माझे देशबांधव आहेत, एका मित्राच्या सांगण्यावरून आले आहेत. आपण सात लिहावे." फाईलवाल्या बाईंनी सात लिहिले. मी पाहिले. स्मरणिकेत 'समिती गहिवरली' असे आहे. समितीने सात लिहिले.

त्यानंतर बुवा सरळ दाराकडे चालू लागले. आम्हाला वाट करून द्यायला, हे उघड होते. अतिशय अदबीने बाहेर काढण्याची त्यांची ती पद्धत होती. दार उघडल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज येईना. सगळे माना वळवून बसले. मी उठून पाहिले. आतल्या पडवीत बुवा पस्तीस जोड्यांसमोर उभे होते. लहान, मोठे, चिखलाचे, दिवे लुकलुकणारे, सगळे टाचा भिंतीला लावून ठेवलेले.

ते परत आले तेव्हा त्यांच्या पायांत बूट नव्हते आणि हातांत पेटी होती.

त्यांनी पाळकबाईंकडे पाहिले. पाळकबाईंनी उपासनेचा क्रम छापलेला कागद दुमडून झग्याच्या बाहीत सरकवला आणि म्हणाल्या, "बिट्टे. करा सुरू."

पुढचा अर्धा तास मला नीट सांगता येईल असा माझा दावा नाही, आणि ज्याला येईल असे वाटते त्याच्यावर विश्वास ठेवू नये. बुवांनी हरवलेल्या मेंढराचे आख्यान लावले. एक वाक्य मराठी, एक जर्मन. शंभरांतले एक चुकले तर मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून त्याच्यामागे जातो, हे सर्वांना ठाऊक. "पण इथे," बुवा म्हणाले, "नव्व्याण्णव गेली फिरायला. उरलेल्या एकानं काय करायचं? रडायचं? रागवायचं? का त्यानंही दोऱ्या बांधून भिंतीवर चढायचं?" आणि पेटीवर स्वतःचेच ध्रुपद धरले:

एकच उरले रे मेंढरू,
दार कसे मी बंद करू!

ध्रुपद कसे उचलायचे हे आमच्या लोकांना शिकवावे लागत नाही. दुसऱ्याच वेळेला पस्तीस गळे उठले. पोह्यांच्या डब्यांवर चमचे वाजू लागले. म्हाताऱ्या टाळ्या देऊ लागल्या, सगळ्या चुकीच्या ठिकाणी, पण सगळ्या एकत्र, त्यामुळे तोच ताल ठरला. बेकरांना बाकातून काही थरथर जाणवली असावी. ते कणीक तिंबावी तसे दोन्ही मुठींनी बाक बडवू लागले, आणि त्यांचा ठेका, आश्चर्य म्हणजे, बिनचूक होता. वरची विद्यार्थिनी ऑर्गनवर सूर शोधत होती, तो तिला तिसऱ्या कडव्याला सापडला आणि छताला दोऱ्या न बांधताच सारे चर्च वर चढले. बुवा मोज्यांनिशी फरशीवर घसरत नाचत होते. समितीतले उंच गृहस्थ उठले. मला वाटले निघाले. ते पुढच्या बाकावर सरकले. मग त्याच्या पुढच्या.

"त्या एकानं काय करायचं?" बुवांनी शेवटी विचारले. श्वास लागला होता. "बाक गरम ठेवायचा. बस्स."

पोहे पडवीत झाले. बुटांचा व्हायचा तो गोंधळ झाला. त्या उंच गृहस्थांचे बूट आमच्या एका सॉफ्टवेअरवाल्याच्या पायांत गेले आणि डिसेंबरात समितीचा निर्णय ज्या आठवड्यात आला, त्याच आठवड्यात त्याचे बूट टपालाने परत आले. निर्णय असा: सभासद सात, चर्च यापुढे गरम केले जाणार नाही, पाळकबाई महिन्यातून एकदा येतील, इमारतीचे काय करायचे ते काही वर्षांनी पाहू. याला वाचणे म्हणत नाहीत. बुवा मात्र पत्र वाचून प्रसन्न झाले. "गरम करणार नाहीत म्हणजे ते आता अधिकृतपणे माझंच काम झालं," म्हणाले, आणि ओव्हरकोट घालून दर रविवारी सात बाक बसत राहिले.

त्या गर्दीबद्दल ते मला पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत. मी मनाशी ठरवून टाकले, की त्यांनी मला क्षमा केली आहे.

गेल्या वर्षी बुवांचे गुडघे गेले. मुलगी कार्ल्सरूहेला असते, ती येऊन घेऊन गेली. पेटी गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून बसली. निघताना बुवांनी माझ्या हातात चर्चची किल्ली आणि निळी वही ठेवली. "पाळकबाईंना विचारलंय," म्हणाले. मी म्हटले, "अहो, मी देव मानत नाही." ते म्हणाले, "बाक मानता ना?"

मी घरी येऊन आधी नोव्हेंबरातला तो रविवार काढला. मला खातरजमा करायची होती. मी सर्वांशी त्रेचाळीस या आकड्यावरून भांडत आलो होतो. आकडा बरोबर निघाला. बुवांच्या तिरप्या अक्षरात लिहिले होते: 'सभासद सात. पाहुणे पस्तीस, अनवाणी. एक, बूट घालून.'

स्मरणिकेतले ते गोड वाक्य असे आहे: 'दारात सर्वप्रथम पादत्राणे उतरवली ती आमच्या तत्कालीन सचिवांनी.' हे खोटे आहे. त्या दिवशी चर्चमध्ये ड्यूटीवरच्या सोडल्या तर बूट घालून बसलेला एकच मनुष्य होता आणि तो मी होतो. बाकीचे देवळात आले होते. मी माणसे मोजायला आलो होतो. पाठ वाकत नाही, असे मी आजवर पत्नीला सांगत आलो. पाठ तेव्हा उत्तम वाकत होती. मोज्यांना अनवाणी म्हणावे का, यावर मला बुवांशी वाद घालता आला असता. तोही मी घातलेला नाही.

आता रविवारी मी जातो. दिवे लावतो, घंटेचे बटण दाबतो. पाळकबाई नसल्या तरी म्हाताऱ्या आणि बेकर येतात. सात बाक मी बसतो. पहिल्यांदा बेकरांनी भुवया उंचावल्या, आता ते माझ्या बरोबरीने उठून दुसऱ्या बाजूचे बाक धरतात, त्यामुळे फेरी दोनच रविवारांत पुरी होते. बरोबर एक वाजता फोन येतो.

"किती?"

"सहा."

"आणि तुम्ही?"

"मी सभासद नाही. खोटी हजेरी लावायची नाही, हे तुमचंच म्हणणं."

"मग काय लिहिलंत?"

लिहिलेले असते तेच मी त्यांना वाचून दाखवतो. ते मोठ्याने हसतात, मागे त्यांची मुलगी "बाबा, हळू" म्हणते. वही कोणालाही पाहायला मिळेल. अध्यक्षांनी अवश्य यावे. दर रविवारच्या ओळीत माझ्या अक्षरात एकच मजकूर आहे: 'सभासद सहा. पाहुणा एक, अनवाणी.'